स्पॅनिश शिकायला इक्वेडोरला जाताना

पुण्यात किंवा मुंबईत स्पॅनिशचे दोन-तीन स्तर पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला बहुधा एकच अडचण सतावते. वाचलेलं कळतं, लेखी परीक्षा चांगली जाते, पण समोरचा माणूस त्याच्या नेहमीच्या वेगाने बोलायला लागला की तिसऱ्या वाक्यालाच हात टेकावे लागतात. वर्गातली भाषा आणि चौकातली भाषा यांतलं हे अंतर ती भाषा जिथे बोलली जाते तिथे राहिल्यानेच भरून निघतं. त्यासाठी स्पेनचा विचार आधी होतो. पण खर्च जपून दोन-तीन महिने राहायचं असेल आणि भाषेबरोबर एक अख्खा देश समजून घ्यायचा असेल, तर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरचा विचार जरूर करावा.

तिथे जाणारे बरेच विद्यार्थी आधी चार आठवडे वर्ग करतात आणि मग उरलेल्या दिवसांत देशभर हिंडतात. हिंडताना पुन्हा इंग्रजी बोलणाऱ्या पर्यटकांच्या घोळक्यात सापडतात आणि मिळवलेली भाषा तिथेच थांबते. म्हणून अभ्यास आणि प्रवास असे दोन कप्पे करू नका. इक्वेडोरमध्ये दर काही तासांच्या प्रवासावर हवा, जेवण आणि बोली बदलते. मुक्काम भाषेच्या पायऱ्यांनुसार लावले तर प्रत्येक नवी जागा हा पुढचा धडा ठरतो.

देश छोटा, प्रदेश चार

इक्वेडोर महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे आणि लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. पण एवढ्या जागेत चार निराळे प्रदेश मावले आहेत: पॅसिफिकचा किनारा म्हणजे ‘कोस्ता’, अँडीज पर्वतरांगांचा ‘सिएर्रा’, ॲमेझॉनच्या जंगलाचा ‘ओरिएन्ते’ आणि किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवरची गालापागोस बेटं. विषुववृत्त देशातूनच जातं, त्यामुळे वर्षभर सकाळी सहा-साडेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी तेवढ्यालाच अंधारतं. ऋतू ठरतो तो उंचीवर आणि पावसावर. डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर हे तुलनेने कोरडे महिने, आणि शिकायला जाण्यासाठी तेच सोयीचे.

२००८च्या राज्यघटनेनुसार स्पॅनिश ही राजभाषा आहे, तर किचवा आणि शुआर या मूळनिवासींच्या भाषांना आंतरसांस्कृतिक व्यवहाराच्या भाषा म्हणून अधिकृत स्थान आहे. निसर्गाला स्वतःचे हक्क देणारी राज्यघटना म्हणूनही ती जगात ओळखली जाते. तिथले लोक आपल्या भाषेला बहुधा ‘कास्तेय्यानो’ म्हणतात. चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलर आहे, त्यामुळे पैसे बदलून घेण्याची कटकट वाचते.

जाण्यापूर्वी: पाया मराठीतून घाला

अगदी शून्यातून तिथे जाऊ नका. अक्षरओळख, आकडे आणि वर्तमानकाळ यांत तिथले महागाचे आठवडे घालवण्यात अर्थ नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात किंवा एखाद्या चांगल्या खासगी वर्गात युरोपीय मोजपट्टीवरचा ए-१ हा स्तर पूर्ण करा, जमल्यास ए-२ सुद्धा. दिल्लीत स्पॅनिश शिकवणाऱ्या इन्स्तितुतो सेर्बान्तेस या संस्थेचं केंद्र आहे.

आपल्याकडे स्पॅनिश बहुतेकदा इंग्रजीतून शिकवलं जातं, आणि तिथेच गोष्टी उगाच अवघड होतात. मराठी माणसाने मधली इंग्रजी काढून टाकावी. इंग्रजी पुस्तकं ज्यांच्यासाठी चार-चार पानं खर्ची घालतात, त्यातल्या कित्येक रचना आपण घरात रोज वापरतो. काही उदाहरणं पाहा.

‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मला वाटतं’साठी ‘मे पारेसे’ त्याच साच्यातलं आहे.

‘मी घर बघतो’, पण ‘मी मारियाला बघतो’. माणूस आला की आपण ‘ला’ लावतो. स्पॅनिश त्याच जागी ‘आ’ लावते: ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’.

‘काल मी इथे खेळलो’ आणि ‘लहानपणी मी इथे खेळायचो’ हा फरक म्हणजेच ‘खुगे’ आणि ‘खुगाबा’ या दोन भूतकाळांतला फरक.

‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ ज्याला कळतं, त्याला ‘किएरो के बेंगास’मधल्या क्रियापदाचं रूप का बदललं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘बर्फ थंड असतो’ आणि ‘चहा थंड आहे’ यांत स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन वेगळी क्रियापदं येतात. इथे मात्र मराठी पूर्ण साथ देत नाही. ‘तो डॉक्टर आहे’ यात आपलं ‘आहे’ असूनही स्पॅनिशमध्ये ‘सेर’च लागतं. म्हणून याचा सराव वेगळा करावा.

उच्चारातही फायदा आहे. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट आणि ड करू नका. प आणि क यांत हवेचा झोत नसतो, तेही आपल्याला आयतं जमतं. मेहनत घ्यायची ती दुहेरी ‘र्र’वर, ‘पोर’ आणि ‘पारा’ या शब्दयोगींच्या वापरावर आणि लिंगावर. आपला हात पुल्लिंगी, तर तिथली ‘मानो’ स्त्रीलिंगी. त्यामुळे प्रत्येक नाम ‘एल’ किंवा ‘ला’सकटच पाठ करावं.

पहिला मुक्काम: डोंगरातलं शहर

बारा आठवडे हाताशी असतील तर पहिले पाच-सहा आठवडे सिएर्रातल्या एकाच शहरात काढा. तिथलं बोलणं किनाऱ्याच्या मानाने सावकाश असतं, शब्दांतला ‘स’ स्पष्ट ऐकू येतो आणि नवख्याला वाक्य कुठे संपलं ते कळतं. निवड मुख्यतः दोन शहरांत करायची आहे.

राजधानी कितो, आपल्या नकाशांतली क्विटो, सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून आणखी १२०० मीटर वर. युनेस्कोने १९७८मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तिच्यात कितोचं जुनं शहर होतं. भाषाशाळा इथे भरपूर आहेत, पोंतिफिसिया उनिबेर्सिदाद कातोलिकासारख्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे अभ्यासक्रम चालतात, आणि २०२३च्या अखेरीस मेट्रोही सुरू झाली आहे. चित्रकार ओस्वाल्दो ग्वायासामीन यांनी उभारायला घेतलेलं ‘ला कापिय्या देल ओंब्रे’ हे कलादालन चुकवू नका. मूळनिवासींच्या दुःखाची ती चित्रं पाहिल्यावर वर्गात बोलायला विषय शोधावा लागत नाही.

दुसरं शहर दक्षिणेचं क्वेंका. उंची सुमारे २५५० मीटर, वस्ती आटोपशीर, मधून नदी वाहते आणि जुनं शहर पायी फिरता येतं. १९९९पासून तेही युनेस्कोच्या यादीत आहे. आपण ज्यांना पनामा हॅट म्हणतो त्या टोप्या मुळात इक्वेडोरच्या, आणि त्या विणण्याचं क्वेंका हे मोठं केंद्र. एकट्याने पहिल्यांदाच परदेशी जात असाल, तर क्वेंका निवडा. मोठं शहर, ग्रंथालयं आणि विद्यापीठ हवं असेल तर कितो.

या उंचीवर पहिले दोन-तीन दिवस दम लागणं, डोकं जड होणं, झोप नीट न लागणं हे सर्वसामान्य आहे. तिथे त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग ठेवू नका. पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा आणि चढण सावकाश चढा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. ऊन जाणवलं नाही तरी कातडी भाजतं, म्हणून टोपी आणि क्रीम रोज हवं.

दुसरा मुक्काम: बाजारपेठेचं गाव

पाया पक्का झाला की दोन-तीन आठवडे लहान गावात राहा. कितोच्या उत्तरेला बसने दोनेक तासांवर असलेलं ओतावालो यासाठी उत्तम. विणकर आणि व्यापारी म्हणून नावाजलेल्या किचवा लोकांचं हे गाव, आणि शनिवारचा तिथला बाजार देशभर प्रसिद्ध आहे. बाजारात आकडे, रंग, मापं आणि घासाघीस यांचा सराव आपोआप होतो. घासाघीस मात्र मर्यादेत करा. विणकाम हाताचं असेल तर त्यामागचे दिवस लक्षात घ्या.

डोंगराळ भागातल्या स्पॅनिशवर किचवाची दाट छाया आहे. लहान मुलाला ‘ग्वाग्वा’, भावाबहिणीला ‘न्यान्यो’ आणि ‘न्यान्या’, थंडी वाजली की ‘अचाचाय’. पुस्तकात न सापडणारी एक रचना तर आपल्याला घरचीच वाटेल. ‘दामे आब्रिएन्दो ला पुएर्ता’ म्हणजे शब्दशः ‘मला दार उघडून दे’. आज्ञा सौम्य करण्याची ही तिथली पद्धत आहे.

संबोधनाबाबत सावध राहा. स्पेनमध्ये ‘तू’ सर्रास चालतं, पण अँडीजमध्ये ‘उस्तेद’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ फार जपलं जातं. दुकानदार, बसचालक, घरमालकीण, वयाने मोठं कुणीही असो, सुरुवात ‘उस्तेद’नेच करा. दुकानात शिरताच ‘बुएनोस दियास’ म्हणा आणि मग वस्तू मागा. हे न करता थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणाचं समजलं जातं.

तिसरा मुक्काम: जंगलाची वेस

नंतरचे दोन आठवडे ओरिएन्तेकडे. कितोहून पाचेक तासांवरचं तेना किंवा बान्योसवरून खाली उतरत जाणारं पुयो ही जंगलाची प्रवेशद्वारं. थंडी मागे पडते आणि कोकणातल्या पावसाळ्यासारखी दमट हवा सुरू होते. इथल्या किचवा आणि अन्य समाजांनी स्वतः चालवलेली पर्यटन केंद्रं आहेत. मुक्कामासाठी तीच निवडावीत, म्हणजे पैसा गावात राहतो आणि वाटाडेही तिथलेच मिळतात. त्यातल्या अनेकांचीही स्पॅनिश ही दुसरी भाषा असते. दोघंही शिकलेली भाषा बोलत असले की संकोच गळून पडतो आणि संभाषण मोकळं होतं.

जाण्यापूर्वी यासुनी राष्ट्रीय उद्यानाविषयी स्पॅनिश वर्तमानपत्रांतून वाचून ठेवा. ऑगस्ट २०२३मध्ये देशाने सार्वमत घेऊन तिथल्या एका तेलक्षेत्रातलं उत्खनन थांबवण्याच्या बाजूने कौल दिला. तेल हा देशाच्या उत्पन्नाचा मोठा आधार असल्याने यावर दोन्ही बाजूंची मतं तीव्र आहेत. असा खरा वाद ऐकणं आणि त्यात दोन वाक्यं बोलता येणं, हीच बी-१ स्तराची खरी परीक्षा आहे.

किनारा आणि बेटं: शेवटी, आणि विचार करून

किनाऱ्यावरचं स्पॅनिश वेगवान असतं आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरून जातो. ‘लोस आमिगोस’ ऐकायला ‘लोह आमिगोह’ येतं. कॅरिबियन देशांतल्या बोलीशी त्याचं नातं असल्याने कानाला त्याची सवय फार उपयोगाची आहे, पण ती शेवटच्या टप्प्यात करावी. सध्या किनारपट्टीच्या काही भागांतली सुरक्षिततेची स्थिती चांगली नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच.

गालापागोसला डार्विन १८३५मध्ये गेला होता, आणि १९५९पासून बेटांचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान आहे. ऑगस्ट २०२४पासून परदेशी प्रौढांसाठी प्रवेश शुल्क १०० वरून २०० डॉलर झालं. विमानभाडं आणि मुक्काम निराळा. तिथे राहून शिकण्याची सोय आहे, पण खर्च मुख्य भूमीपेक्षा बराच जास्त. तेवढ्या पैशांत सिएर्रात आणखी काही आठवडे निघतात. उद्देश भाषा असेल आणि पैसा मोजका असेल, तर बेटं सोडून द्या. जायचंच ठरलं तर सान्ता क्रूस किंवा सान क्रिस्तोबाल बेटावरच्या वस्तीत राहा आणि स्पॅनिशमध्ये बोलणारा निसर्गवाटाड्या मागून घ्या.

शाळा आणि घर कसं पारखावं

इक्वेडोरमधल्या शाळांचं वैशिष्ट्य म्हणजे एका शिक्षकामागे एकच विद्यार्थी. दिवसाला चार तास, आठवड्याला वीस, ही तिथली रूढ पद्धत. यात लपायला जागा नसते आणि प्रगती झपाट्याने होते. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. शिक्षक दर आठवड्याला बदलतात का? धड्यांचा लेखी आराखडा मिळेल का? शिक्षक न पटल्यास बदलून मिळतो का? राहिलेल्या आठवड्यांचे पैसे परत मिळतात का? सुरुवातीला एकाच आठवड्याची फी भरा आणि पटलं तर पुढे वाढवा.

राहायला वसतिगृहापेक्षा कुटुंब बरं. शाळाच अशी घरं मिळवून देतात. पण त्याच घरात आणखी दोन इंग्रजी बोलणारे पाहुणे असतील तर निम्मा फायदा जातो, म्हणून ‘एका वेळी किती विद्यार्थी?’ हे आधीच विचारा. जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसू नका. भांडी विसळायला, बाजारात सोबत जायला स्वतःहून पुढे व्हा. स्वयंपाकघरात जी क्रियापदं कळतात ती कायमची लक्षात राहतात.

रोजचा क्रम साधा ठेवा: सकाळी वर्ग, दुपारी एक ठरावीक काम स्पॅनिशमध्ये पार पाडणं, संध्याकाळी अर्धं पान लिखाण. काम म्हणजे पोस्टात जाणं, चपलेचा पट्टा शिवून घेणं, ग्रंथालयाचं कार्ड काढणं, असं काहीही. लिहिलेलं अर्धं पान दुसऱ्या दिवशी शिक्षकाकडून तपासून घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी

दुपारचं ‘आल्मुएर्सो’ म्हणजे सूप, भात-भाजी-मांसाचं ताट आणि फळाचा रस. साध्या खाणावळीत ते तीन-चार डॉलरच्या आसपास मिळतं. तिथे ‘सिन कार्ने’ एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांना गोमांसच अभिप्रेत असतं. ‘सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण सांगा आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. बटाटा आणि चीजचं ‘लोक्रो दे पापा’, बटाट्याचे ‘यापिंगाचोस’, मक्याच्या पानात वाफवलेले ‘उमितास’, कच्च्या केळ्याचे ‘पाताकोनेस’ आणि मसूर किंवा घेवड्याची ‘मेनेस्त्रा’ भाताबरोबर, यांवर आपलं निभतं. अंडी आणि चीज चालत असेल तर फारशी अडचण येत नाही. तिखट ‘आही’ टेबलावर वेगळं ठेवलेलं असतं.

कागदपत्रं, लस, पैसे

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरला जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागतो. नवी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून ताजे नियम घ्या, आणि किती काळ राहणार, कुठे शिकणार याची कागदपत्रं शाळेकडून वेळेत मागवा. भारतातून थेट विमान नाही. अॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे जाणं सोयीचं. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर नुसतं विमानतळावर उतरण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढण्याआधी तपासा.

पीतज्वराची लस विसरू नका. सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. इक्वेडोरहून परतताना हे प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. जंगलात किंवा किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी डेंगी आणि हिवतापाबद्दलही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डॉलरच्या नोटा लहान न्या. पन्नास आणि शंभरच्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत. इक्वेडोरची स्वतःची नाणी देशाबाहेर चालत नाहीत, ती तिथेच संपवा. वीज ११० ते १२० व्होल्टची असते. फोन-लॅपटॉपचे चार्जर अडॅप्टर लावून चालतात, पण आपली इलेक्ट्रिक किटली तिथे नीट चालणार नाही. घरी फोन करताना लक्षात असू द्या, आपलं घड्याळ साडेदहा तास पुढे आहे.

सुरक्षितता: डोळे उघडे ठेवून

गेल्या काही वर्षांत अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे इक्वेडोरमधली हिंसा वाढली आहे. जानेवारी २०२४मध्ये सरकारने टोळ्यांविरुद्ध ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ जाहीर केला आणि त्यानंतर अनेकदा आणीबाणी लागू झाली. झळ सर्वाधिक बसली ती ग्वायाकिल, एस्मेराल्दास आणि किनाऱ्याच्या अन्य भागांना. क्वेंका, ओतावालो, तेना इथली परिस्थिती तुलनेने बरी राहिली, तरी ती बदलू शकते. तिकीट काढण्याआधी आणि प्रत्येक मुक्काम बदलण्याआधी ताज्या सूचना वाचा आणि शाळेला थेट विचारा. एखादा भाग टाळा असं स्थानिक माणूस सांगत असेल तर तो टाळा.

लांबचा बसप्रवास दिवसाच करा. अंधार पडल्यावर पायी न जाता ओळखीची किंवा ॲपवरची टॅक्सी घ्या. फोन रस्त्यात हातात धरून चालू नका, पासपोर्टची छायाप्रत जवळ ठेवून मूळ प्रत घरी कुलपात ठेवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ९११. तो लागल्यावर पत्ता आणि अडचण स्पॅनिशमध्ये सांगता आली पाहिजे, म्हणून ती दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात शिक्षकांकडून पाठ करून घ्या.

परतल्यावर

आल्यानंतर दोन-तीन महिन्यांत डेले किंवा सिएले ही स्पॅनिशची परीक्षा द्या, म्हणजे कमावलेलं कागदावर येतं. डेले या प्रमाणपत्राला मुदत नसते. सिएले पाच वर्षं ग्राह्य धरलं जातं, पण त्याची परीक्षा संगणकावर होते आणि निकाल लवकर हाती येतो. नोकरीसाठी घाई असेल तर सिएले, कायमचा दाखला हवा असेल तर डेले. तिथल्या शिक्षकांशी आठवड्यातून एक तास ऑनलाइन चालू ठेवला तर बोलणं गंजत नाही.

यादीतली ठिकाणं कमी करा आणि मुक्कामाचे दिवस वाढवा. बारा आठवडे जमत नसतील तर आठ करा, आणि आठही जमत नसतील तर चारही प्रदेश पाहण्याचा हट्ट सोडून एका शहरात आणि एका गावात राहा. आधी ए-१ इथेच पूर्ण करा, मग व्हिसाच्या अर्जाला लागा.